आई लेकाच्या परदेशातल्या खोलीवर जाते तेव्हा



आपल्या पंचक्रोशीतून परदेशी शिकायला गेलेली पोरे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. कोणी अर्धा एकर विकून पाठवले, कोणी घरातल्या पाटल्या बँकेत ठेवून. एकट्या जर्मनीतच २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी शिकत होते, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पोर जाते, वर्ष-दीड वर्ष लोटते, आणि एका रविवारी फोनवर म्हणते, "आई, तू ये की एकदा इकडे." मग आठवडाभर घरात दुसरा विषय नसतो.

त्या जाण्या-येण्याविषयी आज थोडे लिहितो. उदाहरण जर्मनीचेच धरतो. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, पण माणसांचे दुखणे-खुपणे सगळीकडे सारखेच. वाचून झाले की या पानाचा फोटो काढून लेकरालाही धाडा, कारण निम्मे लिहिणे त्याच्यासाठी आहे.

पहिला प्रश्न, जायचे कोणी? दोघे एकदम गेले तर दावणीची जनावरे कोण पाहणार, पाण्याच्या पाळीला रात्री मोटर कोण चालू करणार? मग आई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मला काय तिथलं कळतंय!" आणि बाप पिशवी भरायला लागतो. माझे मत विचाराल तर एकालाच जाणे जमत असेल तर आईला धाडा. बाप निदान बाजार समितीपर्यंत, तालुक्याच्या कचेरीपर्यंत हिंडलेला असतो. तिने माहेर आणि सासर सोडून तिसरे गाव पाहिलेले नसते. पण काही घरांत आण्णांनीच जायला हवे असते, विशेषतः बाप-लेकात बोलणे कमी असेल तिथे. ते तुमचे तुम्ही ओळखा.

दुसरा प्रश्न, कधी? तिथे विद्यापीठांचे उन्हाळी सत्राचे तास साधारण एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि त्याच्या शेवटी परीक्षा येते. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, आणि सवय नसलेल्या माणसाचे त्या थंडीत पाऊल बाहेर पडत नाही. एप्रिलचा दुसरा पंधरवडा आणि मे महिना उत्तम. झाडांना नवी पालवी असते, मेच्या मध्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आपल्याकडेही रब्बी निघून मळणी झालेली असते आणि मृगाला अवकाश असतो. जत्रा आणि लग्नसराई चुकते हे खरे. पण पेरणीच्या तोंडावर परत यायचे ठरलेले असले की जीवही टांगणीला लागत नाही. पाहुण्याच्या व्हिसावर एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येते, म्हणून पोरे हौसेने तीन महिन्यांचे बेत करतात. तसे करू नका. चार ते सहा आठवडे पुष्कळ झाले. का, ते पुढे सांगतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंतही लांबू शकतो, म्हणून एप्रिलला जायचे तर संक्रांतीनंतर लगेच कामाला लागा. जून २०२४ पासून व्हिसाची फी ९० युरो झाली आहे, आणि २०२५ च्या अखेरीस एक युरो शंभर रुपयांच्या पुढे गेला होता, त्यावरून हिशेब करा. प्रवासाचा विमा ३० हजार युरोंचा लागतो. पोराचा तिथला विमा आई-बापाला चालत नाही. आणि जुन्या दुखण्यावरचा खर्च बहुतेक विमा कंपन्या देत नाहीत, तेव्हा साखर-रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जितके दिवस राहणार तितक्या पुरतील एवढ्या घ्या.

शेतकऱ्याला पगारपत्रक नसते आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने पुष्कळांकडे रिटर्नही नसते. पण "हा माणूस परत येईल" हे सांगायला सातबारा आणि आठ-अ यांच्याइतका बोलका कागद नाही. त्यांचे इंग्रजी भाषांतर करून जोडा, उसाचे बिल किंवा बाजार समितीच्या पट्ट्या जोडा. खात्याचा तीन महिन्यांचा उतारा पाहतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात चुलत्याकडून दोन लाख उसने आणून भरले, तर ते तपासणाऱ्याला लगेच दिसते. आणखी एक बारीक गोष्ट. तिथे बोटांचे ठसे घेतात. खुरपे आणि फावडे धरून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही, हे रेशनच्या दुकानात आपण सोसलेच आहे. आठ-दहा दिवस आधीपासून हातांना रोज खोबरेल चोळावे आणि चुन्या-सिमेंटच्या कामात हात घालू नये.

आता पिशवी. इथे प्रत्येक आईचे चुकते. मायेने तुपाची बरणी, पेढे, खवा भरला जातो. युरोपात बाहेरच्या देशांतून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, जकातीवर काढून घेतात. डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळ-भाजीलाही रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन नावाच्या एका फळाला. म्हणजे परसातला कढीपत्ता, हिरवी मिरची, पाडाचा आंबा घरीच ठेवायचा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीचे पीठ, पापड, कुरडया हे चालते. खसखस मात्र पिशवीत नको. पुष्कळ विमाने दुबईसारख्या ठिकाणी थांबा घेतात, आणि तिकडे खसखस अंमली पदार्थांत धरतात. त्यापायी माणसे अडकली आहेत. तवा न्यायचा असेल तर सपाट बुडाचा न्या, कारण तिथल्या काचेच्या विजेच्या शेगडीवर आपला खोलगट तवा बसतच नाही. जाळ नाही म्हणून भाकरी फुगायला बारीक जाळीही हवी. एक मोठा तांब्या किंवा मग टाकायला विसरू नका. कशासाठी ते सांगायला नको.

आता पोरांनो, तुमच्याशी बोलतो.

तुमची खोली दहा बाय बाराची. वसतिगृहाची असेल तर पाहुणा किती रात्री ठेवता येतो, हे आई विमानात बसायच्या आधी लेखी विचारून घ्या. काही वसतिगृहांत पाहुण्यांची वेगळी खोली भाड्याने मिळते. शेजारच्या खोलीतला मित्र सुट्टीला गावी जाणार असेल तर त्याची विचारा. चोरून ठेवू नका. आईला जिना चढताना "कोणी विचारलं तर बोलू नकोस" असे सांगितले, की ती सहा आठवडे चोरासारखी राहते.

पहिल्या संध्याकाळी दाराची गोष्ट शिकवा. तिथली दारे मागे ओढली की आपोआप लागतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. गावाकडे दार दिवसभर सताड उघडे असते. आई "कोण आलं बघू" म्हणून व्हरांड्यात येते, दार मागे लागते, आणि आत राहतात तिच्या चपला, फोन आणि शेगडीवरची आमटी. कुलूपवाला बोलवावा तर तो एका फेरीचे जे घेतो त्यात इकडे शेळी यावी. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घाला, लाज वाटू देऊ नका. त्याच दोऱ्याला एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर घराचा पत्ता, तुमचा नंबर आणि ११२ हा मदतीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा.

मग फोडणी. खोलीच्या छताला धुराची घंटा असते. मिरचीचा ठसका तिला आगच वाटतो. काही वसतिगृहांत ती घंटा थेट बंब बोलावते आणि विनाकारण आलेल्या बंबाचे बिल येते. घंटेवर पिशवी बांधायची युक्ती कोणी सांगेल, ती ऐकू नका. खिडकी उघडा, झाकण ठेवा, फोडणी मंद आचेवर द्या. आईला हे रागावून नव्हे, एकदा उभे राहून करून दाखवा. न्हाणीचेही तसेच. पाणी ओतायची जागा फक्त शॉवरखालची. बाकीच्या फरशीला मोरी नसते, पाणी खालच्याच्या छतातून उतरते.

ही झाली बारीकसारीक कामे, एका दिवसात उरकतात. खरा प्रश्न दुपारचा आहे.

तुम्ही सकाळी आठला जाणार आणि तास, प्रयोगशाळा आणि संध्याकाळचे काम करून रात्री येणार. आयुष्यभर पहाटे उठून झाडलोट, गोठा, चूल आणि मग रानात जाणारी बाई त्या खोलीत दिवसभर काय करील? पहिले चार दिवस झोपेचेच हाल असतात, कारण तिची पहाट पाच म्हणजे तिथली रात्रीची दीड. ती अंधारात डोळे उघडे ठेवून पडते, तुमची झोप मोडेल म्हणून कूस बदलत नाही. पुढे झोप बसते आणि रिकामपण सुरू होते. बाहेर माणूस दिसत नाही, आवाज नाही, रविवारी तर दुकानेही बंद. आमच्या ओळखीच्या एक काकू नव्वद दिवसांसाठी गेल्या आणि सदतिसाव्या दिवशी परत आल्या. मुलाने काही कमी केले नव्हते. उलट सगळे हातात दिले होते, भांडे घासू दिले नव्हते, "तू आराम कर आई" एवढेच म्हणत होता. त्या मला म्हणाल्या, "जनावराला सुद्धा नुसतं बांधून वैरण टाकली तर ते खात नाही हो."

म्हणून आईला काम द्या. तुमचे उसवलेले कोट, तुटलेली बटणे, आठवड्याचा स्वयंपाक द्या. शनिवारी चार मित्रांना जेवायला बोलवा आणि बेत तिच्याकडे सोपवा. त्या चार पोरांनीही वर्षभर कोणाच्या आईच्या हातचे खाल्लेले नसते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की प्लॅस्टिकच्या बाटलीमागे बहुधा २५ सेंट परत मिळतात, हे काम तिच्याकडे द्या. दोन दिवसांत ती दुकानाची वाट शिकेल आणि तुम्ही फेकलेली एकही बाटली वाया जाऊ देणार नाही.

तिला एकटीने चालायची एक वाट शिकवा. घरातून निघून बागेपर्यंत आणि परत, एवढीच. तीन दिवस बरोबर जा, चौथ्या दिवशी एकटीला पाठवा. वाटेत भेटेल त्याला "गुटेन टाग" म्हणायला शिकवा. खेड्यातल्या माणसाला रामराम घातल्याशिवाय पुढे जाणे जमत नाही, तेव्हा हे दोन शब्द तिला फार उपयोगी पडतात. लांबच्या फेऱ्यांसाठी महिन्याचा एकच पास मिळतो. त्यावर देशभर बस, ट्राम आणि साध्या गाड्यांनी हिंडता येते, वेगवान गाड्यांना तो चालत नाही. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ साली ५८ ला होता. तुमचा विद्यार्थ्यांचा पास तिला चालणार नाही, आणि हा पास वेळेत बंद केला नाही तर पुढल्या महिन्याचे पैसेही खात्यातून कापले जातात.

आणि हिंडायचे कुठे? राजवाडे-चर्चे जरूर दाखवा, पण त्यात शेतकरी माणूस तासाभरात थकतो. त्याला माती दाखवा. जर्मनीत शहरांच्या कडेला छोट्या बागांच्या वसाहती असतात. शहरातली कुटुंबे भाड्याने तुकडा घेऊन बटाटे, घेवडा, स्ट्रॉबेरी, फुले लावतात. १९८३ च्या कायद्याने एक तुकडा चारशे चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे आपले जेमतेम चार गुंठे. आण्णांना तिथल्या कुंपणाशी नेऊन उभे करा. भाषा लागत नाही. एका गावच्या आण्णांना तिथल्या म्हाताऱ्याने खुणेनेच आत बोलावले, कुदळ हातात दिली, आणि आण्णांनी वाफा कसा धरायचा ते दाखवले. मजुरी नव्हे हो, पाहुण्याच्या व्हिसावर मजुरी चालत नाही. ही आपली हौस. त्या म्हाताऱ्याने टोमॅटोची रोपे अजून खोलीतच ठेवली होती, कारण तिकडचे जुने लोक ११ ते १५ मे हे दिवस सरल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावत नाहीत. त्या पाच दिवसांना पाच संतांची नावे आहेत, आणि तोवर कधीही हिम पडेल असा त्यांचा हिशेब. नक्षत्रावर पेरणारा माणूस हे ऐकून लगेच मान डोलावतो.

खेड्यातून गाडी जाते तेव्हा पाट्यांवर एक नाव पुन्हा पुन्हा दिसते, राइफायझेन. बँकेवर दिसते, खत-बियाण्याच्या दुकानावर दिसते. आण्णांना सांगा की फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन (१८१८ ते १८८८) हा एका खेड्याचा सरपंचासारखा कारभारी होता. १८४६-४७ च्या उपाशी हिवाळ्यात त्याने गावाला भाकरी मिळावी म्हणून मंडळी एकत्र केली आणि पुढे सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवायला पतसंस्था काढल्या. मद्रास सरकारच्या वतीने फ्रेडरिक निकल्सन यांनी त्या पद्धतीचा अभ्यास करून १८९५-९७ मध्ये अहवाल दिला, आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या गावच्या सोसायटीचे मूळ शोधत गेले तर तिथवर जाते. सोसायटीचे थकलेले कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला ही गोष्ट फार गोड वाटेलच असे नाही, पण परमुलखात आपले काहीतरी ओळखीचे निघाले म्हणून तो ती गावभर सांगेल.

आता जरा अवघड बोलायचे आहे. आई-बाप येणार म्हटले की पोरे खोली झाडतात, मित्राचे जाकीट आणतात, आणि खोटे मांडतात. रात्रीचे हॉटेलातले भांडी घासणे "ग्रंथालयात बसतो" होते. राहिलेला विषय पास झालेला असतो. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची तिथल्या कायद्याचीच परवानगी आहे, त्यात चोरी कसली? सप्टेंबर २०२४ पासून तिथले सरकार विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चाला ९९२ युरो धरते, आणि त्यातले भाडे गेल्यावर काय उरते हे आईला बटाट्याचा भाव पाहून दुसऱ्या दिवशीच कळते. ती प्रत्येक वस्तूचे मनात रुपये करते. तिच्यापुढे पैसा उधळून मोठेपणा दाखवलात तर तिला आनंद होत नाही, पाटल्या आठवतात.

आणि आई-बापांनो, तुम्हीही झाकताच. बोअर आटली, दुसऱ्यांदा उसनवारी झाली, धाकटीचे लग्न अडले, हे सगळे "इकडं बरं आहे, तू अभ्यास कर" या चार शब्दांखाली दडपून तुम्ही तिकडे जाता. मग सहा आठवडे एका खोलीत दोघे एकमेकांपासून लपवत बसतात. त्यापेक्षा पहिल्या रविवारी दुकाने बंद असतातच, तेव्हा चहा ठेवा आणि दोन्ही बाजूंचे हिशेब एका कागदावर मांडा. घेतलेले कर्ज किती, हप्ता कधीपासून, राहिलेले विषय किती, शिक्षण पुरे व्हायला किती महिने, तोवर लागतील किती. पोराला एक सत्र जास्त लागणार असेल तर ते आईच्या तोंडावर सांगणे फोनवर सांगण्यापेक्षा सोपे आहे. ती रडेल, मग विचारेल, "जेवतोस का वेळेवर?" आणि घरी परतल्यावर बापाला कसे सांगायचे ते तीच पाहील.

परीक्षेचा महिना मध्ये येत असेल तर आईला ते दिवस आधीच सांगून ठेवा. मोठ्या शहरांतून मराठी मंडळे आहेत, एखाद्या घरी दोन दिवस पाठवता आले तर पाठवा. तिथल्या वहिनींनाही गावाकडचे बोलणारे कोणी हवेच असते.

निघायच्या वेळची एक गोष्ट. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सरहद्दीवर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद बोटांच्या ठशांनी आणि फोटोने यंत्रात घ्यायला सुरुवात झाली आहे. तेव्हा व्हिसावरच्या तारखेपेक्षा एक दिवसही जास्त राहू नका, पुढच्या वेळी तो दिवस आडवा येतो. आणि आण्णा गेले असतील तर त्यांचे खिसे झाडा. गव्हाच्या शेतापाशी उभे राहिले असतील, बागेतल्या म्हाताऱ्याने प्रेमाने घेवड्याचे बी दिले असेल, आणि त्यांनी ते रुमालात बांधून कोपरीच्या आतल्या खिशात ठेवले असेल. आपल्या सरकारच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे बाहेरचे बियाणे परवान्याशिवाय आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय देशात आणता येत नाही, नवी कीड-रोग येऊ नये म्हणून. ते बी पोराच्या खोलीतच ठेवा. खिडकीत एक कुंडी आणा, आण्णांच्याच हाताने लावून घ्या, आणि पाणी घालायचे काम पोराकडे द्या.